पडवीतली बिनधुराची चूल

सुट्टीत घरी येई तेव्हा आमच्या घरातला धूर मला कधी दिसला नव्हता. सुट्टीवर आलेल्या माणसाला घरातलं फार काही दिसत नाही, त्याला फक्त चांगलंचुंगलं खायला मिळतं. नगरच्या कॉन्व्हेंटमधलं शेवटचं वर्ष संपवून, ट्रंक आणि गादी घेऊन मी सोनईजवळच्या आमच्या गावी कायमची परत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आमचं स्वयंपाकघर काळं आहे. उसाच्या पैशातून बांधलेलं विटांचं घर, पुढे ऐसपैस पडवी, पडवीला गुलाबी रंग, आणि मागची ती एक खोली भिंतींपासून पत्र्यांपर्यंत काळी. पत्र्याखालचे वासे तर इतके चकचकीत होते की कुणी मुद्दाम रंग दिलाय असं वाटावं. आई दिवसाचा बराच वेळ त्या खोलीत असे. तिचा खोकलाही त्या खोलीतलाच होता.

कायमची आले असं म्हटलं तरी त्याचा अर्थ लग्न ठरेपर्यंत असा होता. कॉलेजचं बघू, असं वडील म्हणत होते. तोपर्यंत माझा उपयोग काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, मलाही नाही. मला दोन भाषा येत होत्या आणि दोन्हींत मी गप्प असे. आमच्याकडे राहणारी माझी विधवा आत्या मला 'मडम' म्हणायची. "मडम, जरा सरका, केर काढायचाय." मी सरकायचे. असं सरकत सरकत मी बहुतेक वेळ स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन बसायचे, कारण तिथे कुणाची वर्दळ नसे. दारापाशी बसल्यावर जे दिसतं ते मी बघत असे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. मी परत आले त्याच पावसाळ्यात ते आईला नगरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. बरोबर मीही होते. डॉक्टरांनी आईच्या पाठीला नळी लावली, खोल श्वास घ्यायला सांगितलं, आणि श्वास अर्ध्यावर आला की तिला खोकला येई. पुन्हा श्वास, पुन्हा खोकला. मग ते आईशी न बोलता अण्णांशी बोलले. औषध देतो, पण औषधाने काही होणार नाही, चुलीच्या धुरापुढून यांना उठवा, असंच चाललं तर ही छाती फार वर्षं साथ देणार नाही. हे त्यांनी अशा सहजपणे सांगितलं, की जणू आईची दुसरीकडे कुठेतरी खुर्ची मांडून ठेवलेली आहे आणि ती हट्टाने धुरापुढे बसते.

एस.टी.मध्ये आई मला हळूच म्हणाली, "धुरापुढून उठीन गं. पन मग भाकरी काय डाक्टर थापनार हाय?"

अण्णा पुढच्या बाकावर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

अण्णांना आईची काळजी होती. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण त्यांनी ती कुणाजवळही बोलून दाखवली नाही. आमच्या भागात पुरुषाने बायकोसाठी काही केलं की त्याला नावं ठेवली जातात. त्यामुळे अण्णांना आईसाठी काही करायचं असेल तर ते देशासाठी करावं लागे. त्यांनी कुठूनतरी गोबर गॅसची माहिती आणली. पुस्तिका इंग्रजीत होती. ती मी वाचून सांगितली आणि घरात माझा पहिल्यांदा उपयोग झाला. शेण आणि पाणी कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडायचं. त्यावर लोखंडी टाकी पालथी घालायची. आत गॅस धरला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. ज्योत निळी येते आणि धूर अजिबात नाही. उरलेली मळी शेतात घालायची, ती शेणखताहून चांगली.

"धूर अजिबात न्हाई असं लिहिलंय का?" अण्णांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग ते पारावर जाऊन देशातल्या इंधनटंचाईबद्दल बोलून आले.

धुराशी आमच्या गावाचं तसं भांडण नव्हतं. साखर कारखान्याचं धुराडं आमच्या अंगणातून दिसे आणि गळीत सुरू झालं की वाळत घातलेल्या धोतरांवर, लोणच्याच्या फोडींवर, माणसांच्या डोक्यावर चिपाडाची काळी काजळी अलगद उतरे. धुराडं धुरतंय म्हणजे ऊस जातोय, हे पोराटोरांना कळत होतं. एखाद्या दिवशी काजळी पडली नाही तर माणसं चिंतेने वर बघत. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा धूरही असाच मानाचा. ज्याच्या विहिरीवर धूर, त्याच्या मळ्यात पाणी. बाहेरचे सगळे धूर प्रतिष्ठेचे होते. स्वयंपाकघरातल्या धुराला तेवढं कुणी नाव दिलेलं नव्हतं, कारण तो पुरुषांना लागत नव्हता.

खड्डा कुठे खणायचा, यावर फारशी चर्चा झाली नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं की गोठा आणि स्वयंपाकघर यांच्याजवळ खणावा. आमचा गोठाही मागे आणि स्वयंपाकघरही मागे. दोन्हींच्या मधे मोकळी जागा होती, जणू देवानेच सोडलेली. अण्णांनी खड्डा पुढे खणला, रस्त्याच्या कडेला.

मी पुस्तिकेतली ओळ पुन्हा वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, "मागं खनला तर बघनार कोन? लोकांनी बघितलं तरच लोक करतील."

यात खोटं काहीच नव्हतं. टाकी ट्रकमधून आली त्या दिवशी शाळा सुटल्यासारखी माणसं जमली. गवंड्याला सल्ले देणारे इतके झाले की गवंडी बिडी ओढत बसून राहिला आणि सल्ले देणारेच विटा उचलू लागले. सगळं झाल्यावर कळलं की आणलेली लोखंडी नळी खड्ड्यापासून पडवीपर्यंतच पुरते. घराला वळसा घालून मागे जायला तेवढीच आणखी नळी लागेल.

"आता सध्या पडवीत शेगडी बसवू," अण्णा म्हणाले. "नळी आनली की मागं नेऊ."

पहिल्यांदा ज्योत पेटली तेव्हा पडवीत गावातली सगळी शहाणी माणसं होती. नारळ फोडला. अण्णांनी काडी ओढली आणि शेगडीवर निळं फूल उमललं. खरंच सुंदर होतं ते. मी दाराआडून पाहिलं. आई आणि आत्या माझ्या मागून पाहत होत्या, आईचा हात माझ्या खांद्यावर होता. मग पहिला चहा ठेवला गेला. शेजारचे तात्या, जे अण्णांच्या प्रत्येक नव्या गोष्टीला पहिल्यांदा नावं ठेवून दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट करायचे, पुढे सरसावले.

"आना, शेनाचा चा कसा लागतो बघू तरी."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तात्यांनी बशीतून एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"गूळ कमी पडलाय," ते म्हणाले. "बाकी म्हशीचा काय दोष न्हाई."

त्या दिवसापासून माणसं येऊ लागली. नेवाशाहून, राहुरीहून, पार पाथर्डीकडूनही. विस्तार अधिकारी आपल्या जीपमधून कुणाकुणाला घेऊन येत. शनिवारी शिंगणापूरला निघालेले लोक वाट वाकडी करून आधी आमच्याकडे थांबत, मग देवाला जात. बिनदाराची घरं पाहायला निघालेल्यांना बिनधुराची चूल वाटेतच बघायला मिळे. अण्णा सगळ्यांना टाकी दाखवत, शेण कालवायची कुंडी दाखवत, मग पडवीत बसवून शेगडी पेटवत आणि चहा करत. चहा हा पुरावा होता. तो प्यायल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नसे, आणि प्यायल्यावर प्रत्येक जण कपाचा वास घेऊन बघे. अंधार पडायला लागला की पडवीत गॅसचा दिवा लागे, त्याच्या पांढऱ्या उजेडात पुरुषमंडळी आणखी तासभर देशाचं इंधन वाचवत.

आता नुसत्या चहावर पाहुण्याला पाठवणं आमच्याकडे शोभत नाही. चहाबरोबर पोहे, कधी भजी, मोठा साहेब असला तर शिरा. शेगडी एकच आणि तिच्यावर तर चहा. पोहे, भजी आणि शिरा मागून येत. मागे म्हणजे आईच्या चुलीवरून. गॅस येण्याआधी आई दोन वेळचा स्वयंपाक करायची. गॅस आल्यावर ती दोन वेळचा स्वयंपाक आणि येणाऱ्या जाणाऱ्यांचं करायची.

आणि जळण बदललं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, पुस्तिकेतही नव्हतं. पूर्वी शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात, त्यांच्यावर चूल चाले. गोवरीही धुरते, पण मंद, सवयीचं. आता सगळं शेण खड्ड्यात जाऊ लागलं. गोठा मागे आणि खड्डा पुढे, म्हणून आत्या आणि सालगडी पाट्या भरभरून घराला वळसा घालत. चुलीसाठी राहिलं उसाचं पाचट आणि तुरीच्या काड्या. पाचट एका क्षणात भडकतं आणि दुसऱ्या क्षणात विझून नुसतं धुमसत राहतं. ते जळत ठेवायचं तर तोंडाची फुंकणी काढता येत नाही. डॉक्टरांनी जिला धुरापुढून उठवायला सांगितलं होतं, ती आता दिवसभर फुंकणीत श्वास ओतत बसली होती. मी दारापाशी बसून बघत होते. फुंकर, खोकला, पुन्हा फुंकर. मधून ती फुंकणी जमिनीवर ठेवून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायची आणि श्वास परत यायची वाट बघायची.

मी फुंकणी घेऊ का, असं विचारलं की म्हणायची, "तुझे डोळे बघायला येनार हायत कुनी. लाल नकोत."

एकदा मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, ती नळी."

"आनायचीच हाय," ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांना खरंच आणायची होती. पण तेवढ्यात बाहेर जीप वाजली.

आत्या माझ्यासारखी गप्प नव्हती. ती अण्णांची थोरली बहीण, तिला अण्णांची भीती नव्हती. "आरं, ती निळी जोत देव्हाऱ्यात तरी नेऊन ठेव," ती म्हणाली. "बायांना निदान नमस्कार करायला गावंल."

अण्णा हसले. थट्टा म्हणून हसले की कसे, ते मला कळलं नाही. पण त्यांच्याकडे बघून मला एक गोष्ट समजली. ते आईला विसरले नव्हते. त्यांनी तिच्यासाठी गॅस आणला होता, तो घरात आला होता, लांबून लांबून लोक येऊन त्याचं कौतुक करत होते. त्यांच्या मनात आईचं काम झालेलं होतं.

संक्रांत होऊन गेली. गळीत जोरात होतं. एके दिवशी विस्तार अधिकाऱ्यांचा निरोप आला की परदेशी पाहुणे येणार आहेत, एक बाई आणि त्यांचे यजमान, इंधनाचाच अभ्यास करतात, आणि त्यांच्याबरोबर दुभाषा नाही. घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "घ्या. मडमीला मडम भेटली."

त्या रात्री मी ती इंग्रजी पुस्तिका पुन्हा काढून बसले. शाळेत मी इंग्रजी बोलले होते, पण सिस्टरांशी, आणि त्यांच्याशी बोलायचं म्हणजे 'येस सिस्टर' एवढंच असे. अण्णांनी मला सगळं भाषण आधी मराठीत म्हणून दाखवलं. गॅसमुळे डोळ्यांचे आणि छातीचे विकार टळतात, हे वाक्य त्यांना फार आवडायचं.

पाहुणे आले. बाई उंच, हसऱ्या, डोक्यावर पांढरी टोपी. यजमान कमी बोलत आणि सगळ्याला हात लावून बघत. पडवीत तात्या होते, पाच-सहा इतर मंडळी होती, विस्तार अधिकारी बूट घालून बाजेवर बसले होते. अण्णा बोलत गेले, मी इंग्रजी करत गेले. बाहेर धुराड्यातली काजळी उतरत होती, बाईंच्या पांढऱ्या टोपीवर वाऱ्याबरोबर तिचा एकेक ठिपका येऊन बसत होता, आणि त्या टोपीखालून बाई अत्यंत आदराने बिनधुराच्या इंधनाबद्दल ऐकत होत्या. अण्णा छातीच्या विकारांपाशी आले तेव्हा मागच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. भजी चालू होती. अण्णांनी आवाज थोडा वाढवला. खोकला थांबेना, तेव्हा आणखी वाढवला. माझं इंग्रजी मात्र होतं त्याच आवाजात राहिलं, त्यामुळे बाईंना भाषांतर आणि खोकला दोन्ही ऐकू गेलं.

त्यांनी विचारलं, या शेगडीवर स्वयंपाक कोण करतं?

मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "घरची मंडळी. म्हनजे, हिच्यासाठीच केलंय की सगळं."

आईबद्दल हे ते पहिल्यांदा बोलले होते. चार माणसांत. तात्यांनी मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम उजळला. मग त्यांना भेटायचंय, त्या म्हणाल्या. त्यांचा फोटो काढायचाय, स्वयंपाक करताना.

नाही म्हणायला काही जागाच उरली नव्हती. मी मागे जाऊन आईला सांगितलं. ती कढई उतरवून पदराला हात पुसत उठली. डोळे लाल, कपाळावर धुराचा घाम. "आता या अवतारात?" ती म्हणाली. आत्याने तिचा पदर सारखा केला आणि तिच्यामागोमाग आली. पुरुष असताना आई पडवीत कधी येत नसे. ती डोक्यावरून पदर ओढून, मंडळींकडे पाठ करून शेगडीपुढे बसली. अण्णांनी वाकून काडी ओढली. निळं फूल उमललं. आई त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या जवळून ती ते पहिल्यांदाच बघत होती.

बाईंनी कॅमेरा काढला. मग त्यांना काहीतरी सुचलं. तुमच्याकडे नवी चूल पेटवताना काही विधी करतात का? तसं काही असेल तर करायला सांगा ना, फोटो छान येईल.

"नव्या चुलीचं काही करतात का, असं विचारतायत," मी म्हटलं.

"करतात की," अण्णा उत्साहाने म्हणाले. "पुजतात. ऐकलं का, पूज. त्यांना बघू दे आपली पद्धत."

आईने ज्योतीवरून नजर काढली. मग आत्याला म्हणाली, "वन्सं, करंडा आना. आन् दूध."

करंडा आला. आईने त्या लोखंडी शेगडीला हळद लावली, कुंकू लावलं. छोट्या पातेल्यात दूध ठेवून ते उतू जाऊ दिलं, जसं नव्या घरात करतात. दुधाने ज्योत क्षणभर फुरफुरली आणि पुन्हा निळी झाली. आईने हात जोडले. कॅमेरा खटखटत होता. विस्तार अधिकाऱ्यांनीसुद्धा नकळत हात जोडले होते. मग आईने परातीत थोडं भाकरीचं पीठ आणि तवा मागवला, कारण विधीनंतर स्वयंपाक दाखवायचा होता.

पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा बाईंनी विचारलं, या किती दिवसांपासून यावर स्वयंपाक करतायत?

अण्णा घाईने म्हणाले, "दिवाळीपासून म्हन."

पण प्रश्न आईला होता, आणि मला शाळेत शिकवलं होतं की ज्याला प्रश्न विचारला त्याने उत्तर द्यावं. एरवी हे मला कधी सुचलं असतं की नाही, माहीत नाही. "आई," मी म्हटलं, "त्या विचारतायत, यावर तू कधीपासून स्वयंपाक करतेस."

आईने भाकरी उलटली. "आजपासनं, म्हनावं."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. बाईंनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं असावं, माझं इंग्रजी कुठेतरी चुकलं. तेवढा एक शब्द मात्र अण्णांना इंग्रजीतूनही कळला.

फोटो संपले. आता आई उठेल म्हणून सगळे वाट बघू लागले. आई उठली नाही. ती आत्याला म्हणाली, "वन्सं, काटवट हिकडंच आना. बसलेच हाय तर सगळ्या थापून घेते."

आत्याने काटवट आणली, पाण्याचा तांब्या आणला, मिठाचा डबा आणला. डबा ठेवायला जागा हवी म्हणून तिने अडकित्ता आणि पानसुपारीचं तबक उचलून बाजूला केलं. इतक्यात अंगणात गेलेले तात्या चहाचा कप ठेवायला पायरी चढून शेगडीकडे आले.

"तात्या," आत्या म्हणाली. "चपला."

"आँ?"

"चूल पुजलीया. चपला घालून कुठं येता?"

तात्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग शेगडीकडे. हळद, कुंकू, उतू गेलेलं दूध, तव्यावर भाकरी. ते दोन पावलं मागे सरले आणि पायरीखाली उतरले. विस्तार अधिकारीही बाजेवरून उठले, बूट काढायचे की बाहेर जायचं याचा क्षणभर विचार केला आणि बाहेर गेले, कारण बुटांना नाड्या होत्या. मग बाकीचेही एकेक करून उठले. दुसऱ्याच्या घरच्या बाईच्या चुलीपुढे बसून राहणं आमच्याकडे कुणाला शोभत नाही. थोड्या वेळात पडवीत आम्ही बायकाच उरलो. परदेशी बाई बूट काढून मोज्यांवर आईजवळ मांडी घालून बसल्या होत्या आणि पहिली भाकरी खात होत्या. अण्णा अंगणात लिंबाखाली, हात मागे बांधून, घराकडे बघत उभे होते.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण रागवायचं कशावर, हे त्यांना सापडेना. पूजा त्यांनीच करायला सांगितली होती. हिच्यासाठीच केलंय, हेही तेच बोलले होते आणि ऐकणारे गावभर पसरले होते. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. आई रोज पडवीतच भाकरी थापत होती. आत्याने मधे जुन्या लुगड्याचा पडदा टांगला. पुरुषांची बैठक लिंबाखाली गेली, तिथे गॅसचा दिवा नव्हता, डास होते.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "पुढच्या दारी चूल. लोक काय म्हनतील?"

"नळी आली की जाईन की मागं," आई म्हणाली.

दिवाळीपासून न मिळालेली नळी त्याच आठवड्यात मिळाली. अण्णांनी स्वतः नगरला जाऊन आणली. सालगड्याबरोबर चर खणायला उभे राहिले. नळी भिंतीला टेकवून त्यांनी आईला हाक मारली आणि दाखवली. आई बाहेर आली. तिने नळीकडे पाहिलं, मग पडवीकडे, जिथून रस्त्यावरची झुळूक येत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "हितं वारा हाय."

नळी भिंतीला टेकलेली राहिली. पुढे तिच्यावर दुधी चढवला.

पाहुणे येतच होते. पुढे पडलेला मोठा दुष्काळ अजून लांब होता, गोठा भरलेला होता, आणि गोबर गॅसची कीर्ती आता पाथर्डीच्याही पलीकडे गेली होती. एका दुपारी तिकडून दहा-बारा जणांची मंडळी आली. अण्णांनी त्यांना टाकी दाखवली, कुंडी दाखवली, मळी दाखवली, छातीच्या विकारांचं सांगितलं. आता मागून खोकला येत नव्हता, तरी त्या वाक्यापाशी त्यांचा आवाज सवयीने वाढला. मंडळी म्हणाली, आता जोत दाखवा.

अण्णा पायरीखाली उभे राहिले आणि पडद्याकडे तोंड करून त्यांनी हळूच विचारलं, "मोकळं हाय का?"

"दोन भाकरी राहिल्यात," आई आतून म्हणाली.

बारा माणसं चपला काढून उन्हात उभी राहिली. एकाने टोपीने वारा घेतला. देवळाबाहेर उभं राहावं तसे सगळे उभे होते. मग आई पदर सारखा करत बाजूने निघून गेली आणि अण्णा त्यांना आत घेऊन गेले. त्यांनी खटका फिरवला, काडी ओढली. एक काडी विझली, दुसरी विझली. बाहेर टाकी पार खाली बसलेली होती.

"गॅस संपला," अण्णा म्हणाले.

"संपला?" मंडळीतला एक म्हातारा म्हणाला. "आमी येवढ्या लांबनं आलो. कशानं संपला?"

अण्णांनी विझलेल्या काडीकडे बघितलं. त्यांच्याजवळ या प्रश्नाचं भाषण नव्हतं.

"सैपाक झाला ना," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने मान हलवली. हे उत्तर त्याला पटलेलं दिसलं. चहा मिळाला नाही म्हणून एक-दोघं कुरकुरले, ती मंडळी परत जाऊन म्हणे गॅस फसला असं सांगत होती. काहींनी मात्र आपल्या गावी खड्डे खणले. कुठे खणले, पुढे की मागे, ते मला कळलं नाही.

आईचा खोकला पुरता गेला नाही. थंडीत तो परत येत असे, कारखान्याची काजळी पडत होती ती पडतच राहिली. पण त्या पाथर्डीवाल्यांच्या दिवशी ऊन उतरल्यावर आई मला म्हणाली, चल, मळ्यात जाऊन येऊ, मेथी आणायची आहे. मी तिच्याबरोबर निघाले. वाट चढाची. ती बोलत होती, तिच्या माहेरच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट, त्यात नवरदेवाची घोडी उधळलेली होती, आणि मला ती गोष्ट ठाऊक नव्हती. बांधापाशी पोचलो तरी तिची गोष्ट चालूच होती. मधे श्वास घ्यायला ती कुठेही थांबली नव्हती, ना चालताना, ना बोलताना. मी हे तिला सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "मग घोडीचं काय झालं?"